परदेशात पाळीचं काम, घर चार तास पुढे: रोजचा फोन बसवायचा कसा?

दूरचा_दिवा

परिस्थिती आधी सांगतो, म्हणजे उत्तरं नेमकी मिळतील. करार दोन वर्षांचा, त्यातलं सव्वा वर्ष बाकी. पाळी बारा तासांची: एक आठवडा सकाळी ६ ते संध्याकाळी ६, पुढचा आठवडा संध्याकाळी ६ ते सकाळी ६. बसने जायला एक तास, यायला एक तास. खोलीत चौघंजण. घरचं घड्याळ इथल्यापेक्षा ४ तास पुढे. घरी बायको, तीन वर्षांचा मुलगा आणि आईवडील. वडिलांना ऐकू कमी येतं.

आता प्रश्न. दिवसपाळीत खोलीवर येईपर्यंत घरी निजानीज झालेली असते, मग फोन करायचा कधी? मुलगा अर्ध्या मिनिटात फोन टाकून पळतो, त्याला धरून बसवायचं का? वडिलांशी बोलताना ओरडावं लागतं आणि खोलीतले बाकीचे झोपलेले असतात. चित्र अडकतं, दोघंही एकदम बोलायला लागतात, मग दोघंही गप्प. शिवाय मिळालेल्या वेळातला निम्मा पैशांच्या हिशेबात जातो. ‘मन रमव, होईल सवय’ हे सोडून काहीही सांगा.

घड्याळजी

आधी कागदावर दोन पट्ट्या काढा. वरची इथल्या २४ तासांची, खालची घरची, चार घरं सरकवलेली. वरच्या पट्टीवर झोप, बस आणि पाळी रंगवा. खालच्या पट्टीवर मुलाची झोप आणि घरातल्या गडबडीच्या वेळा. दोन्हीकडे जिथे कोरं उरतं तेवढीच फोनची जागा. तुमच्या आकड्यांवरून ती अशी निघते.

दिवसपाळीत ५ ला बस, संध्याकाळी ७ ला परत. तेव्हा घरी रात्रीचे ११. त्या वेळेचा नाद सोडा. पहाटे ४ ला उठत असाल तर ४:२५ ते ४:४० मध्ये घरी सकाळचे ८:२५ ते ८:४०. मूल जागं आणि ताजंतवानं असतं, दिवसभराचं रडगाणं अजून सुरू झालेलं नसतं. दुसरी फट मधल्या सुट्टीत: इथे १२, घरी दुपारचे ४. तिथे चित्र नको. पाच मिनिटं नुसता आवाज, तोही फक्त बायकोशी.

रातपाळीत सकाळी ७ ला खोलीवर, ८ ते ३ झोप. दुपारी ३ ला उठलात की घरी संध्याकाळचे ७. साडेतीन ते चार हा अर्धा तास म्हणजे घरचे साडेसात ते आठ. सगळे घरात, तुमची झोप झालेली, बस सुटायला अजून तास. रातपाळीला सगळे शिव्या घालतात, पण घर पूर्वेकडे असेल तर फोनसाठी तोच आठवडा सोन्याचा. सविस्तर बोलणं सगळं त्याच आठवड्यासाठी राखून ठेवा आणि दिवसपाळीत पंधरा मिनिटांवर समाधान माना.

लोक हमखास चुकतात ते झोपेतून वेळ काढताना. ११ पर्यंत जागून ४ ला उठलं की हातात पाच तास. सात तासांची गरज धरली तर सहा दिवसांत बारा तासांची तूट. तिचा पहिला फटका यंत्रावरच्या हाताला बसतो आणि दुसरा फोनवरच्या सुराला. घरी मात्र ते ‘हल्ली तुटक बोलतो’ असंच पोचतं, झोपेचा हिशेब कुणी मांडत नाही.

घड्याळबदलाकडेही लक्ष ठेवा. तुम्ही असाल त्या देशात उन्हाळी वेळ पाळत असतील, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत असतील, आणि घरी नसतील, तर चारचा फरक उन्हाळ्यात तीनचा होतो. युरोपीय संघात बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. दक्षिण गोलार्धात जिथे पाळतात तिथे उलट. उन्हाळी वेळ सुरू झाल्यावरच्या सोमवारी तुमचा ४:२५ चा फोन घरी ७:२५ ला वाजतो आणि मूल गाढ झोपलेलं असतं. उपाय सोपा आहे. कॅलेंडरमध्ये नोंद करताना वेळ कामाच्या देशाची निवडा, कारण पाळी हलत नाही, आणि ती नोंद बायकोच्या फोनला जोडा. तिकडे बदललेली वेळ आपोआप दिसेल.

राहिला एक नियम, तो दोघांनी आधीच ठरवायचा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही तर किती वेळ काळजी करायची नाही? अर्धा तास पुरत नाही. बस अडकते, पाळी लांबते, चार्जिंग संपतं. दोन तास धरा. फोन जमणार नसेल तर फक्त एक ठरलेलं चिन्ह पाठवायचं. त्याचा अर्थ ‘सुखरूप आहे, नंतर बोलू’ एवढाच. पलीकडून ‘का? काय झालं?’ असं विचारायचं नाही. हे शेवटचं पाळायला सगळ्यात अवघड.

रंगखडू

मुलाला धरून बसवू नका. तीन वर्षांच्या मुलाला फोनवरचं बोलणं जमतच नाही, त्यात त्याचा नाराजीचा काही भाग नसतो. नुसत्या आवाजाच्या फोनवर या वयाची मुलं प्रश्नाला मान हलवून उत्तर देतात आणि पलीकडच्याला ते दिसत नाही, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. त्यात आपण विचारतो काय? ‘जेवलास का, शाळेत काय केलंस, माझी आठवण येते का.’ ही तोंडी परीक्षा झाली. पळणारच.

बोलण्याऐवजी काहीतरी करा. फोन मुलाच्या हातात नको. जमिनीवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला, दोन हात लांब, मागे डबा किंवा पुस्तकांची चवड लावून उभा. तो ठोकळे रचत असेल तर तुम्ही नुसते बघा. मधेच ‘निळा कुठे गेला?’ एवढंच. त्यानं शोधून कॅमेऱ्यासमोर आणून दाखवला की तुम्हाला छताचं आणि नाकपुडीचं दर्शन होईल. होऊ द्या, फोन सरळ धरायला लावू नका. दोन्हीकडे एकच चित्रांचं पुस्तक ठेवलं तर अजून बरं: तुम्ही पान सांगायचं, त्यानं उलटायचं, प्राण्यावर बोट ठेवायचं. दर वेळी तेच पुस्तक चालतं. उलट तेच हवं असतं.

पाच ते दहा मिनिटं झाली की, तो कंटाळायच्या आधी, तुम्हीच थांबा. निरोपाचे शब्द रोज तेच ठेवा. शब्द आणि क्रम ठरलेला असला की फोन बंद होताना रडणं कमी होतं, कारण पुढे काय होणार हे त्याला माहीत असतं.

नजरेचं एक आहे. तुम्ही पडद्यावरच्या त्याच्या चेहऱ्याकडे बघता तेव्हा त्याला तुमची नजर खाली गेलेली दिसते. फोन डोळ्यांच्या रेषेत, हातभर लांब धरला की हा कोन कमी होतो. हसताना आणि निरोप घेताना तरी थेट कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा.

पडद्याची भीती घालणारे भेटतील. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना पडदा नको असं सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉल त्यातून वगळला होता. फरक हा की फोनवरचं माणूस मुलाच्या हालचालीला उत्तर देतं. त्यासाठी शेजारी मोठं माणूस हवं, जे ‘बाबा काय म्हणाले बघ’ असं जोडून देईल. हे काम बायकोचं होतं आणि ते कष्टाचं आहे, म्हणून मुलाच्या फोनमध्येच तिच्याशी घरच्या कटकटी बोलायला घेऊ नका. तिचा फोन वेगळा.

रोज फोन जमत नाही त्या दिवसांसाठी दोन-तीन मिनिटांच्या गोष्टी तुमच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. सात-आठ पुरेत. चित्र नको, झोपताना आवाज बरा. मुद्रण करताना डोक्यावरून पांघरूण घेतलंत तर खोलीतला घुमारा जातो आणि बाकीच्यांची झोपही मोडत नाही.

‘कधी येणार?’ याला ‘लवकर’ असं कधीही म्हणू नका. तीन वर्षांच्या मुलासाठी लवकर म्हणजे आज संध्याकाळी. सव्वा वर्ष त्याच्या डोक्यात मावत नाही, म्हणून मोजदाद आत्तापासून नको. तिकीट हातात पडल्यावर, शेवटचे तीस दिवस, कागदी कड्यांची साखळी करून रोज एक कडं तोडायचं.

कानगोष्ट

वडिलांबद्दल. ओरडून उपयोग होत नाही, त्याला कारण आहे. वयानं येणारा बहिरेपणा आधी उंच पट्टीतल्या आवाजांवर येतो. स, श, फ, थ, ख यांची ओळख त्याच पट्टीत असते. तुम्ही ओरडता तेव्हा आ, ओ, ए मोठे होतात आणि व्यंजनं तिथंच राहतात. त्यांना ‘आवाज येतोय पण कळत नाही’ असं होतं. म्हणून आवाज नेहमीचा ठेवा, वेग कमी करा, वाक्य लहान, आणि वाक्य संपल्यावर दोन सेकंद थांबा. नाही कळलं तर तेच शब्द पुन्हा म्हणू नका, शब्द बदला. ‘सही’ ऐकू आलं नाही तर ‘कागदावर नाव लिहून द्या’ म्हणा.

चेहरा दिसू द्या. उजेड तुमच्या समोरून हवा, मागे खिडकी किंवा दिवा असेल तर चेहरा काळा पडतो आणि ओठ वाचता येत नाहीत. तुम्ही तोंडाजवळ माईक असलेले इअरफोन लावलेत तर कुजबुजीच्या जरा वरचा आवाजही तिकडे नीट जातो. त्यांच्याकडे स्पीकर लावायचा झाला तर फरशी-भिंतींच्या मोकळ्या खोलीत नको. गादी, पडदे असलेल्या खोलीत. श्रवणयंत्र ब्लूटूथचं असेल तर फोनला जोडून द्यायला सांगा, अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

आणि ‘बाबांचा फोन लागत नाही’ याचं बऱ्याच वेळा खरं कारण: मेमरी भरलेली. सकाळच्या शुभेच्छांची चित्रं आणि व्हिडिओ आपोआप उतरत राहतात, जागा संपते, मग ॲप उघडतं पण कॉल घेताना बंद पडतं. मेसेजिंग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रं आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. तुमचा फोटो लावलेला एकच मोठा चौकोन पहिल्या पानावर ठेवा, बाकी सगळं दुसऱ्या पानावर. चार्जर एका ठरलेल्या जागी, भिंतीत कायमचा.

तारवाला

एकदम बोलून एकदम गप्प होणं हा दोष तुमचा नाही, विलंबाचा आहे. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला साधारण १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर माणसाला जाणवत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसही तेवढीच आहे आणि ४०० च्या पुढचा विलंब सहसा चालवून घेऊ नये असं तीच सांगते. अर्धा सेकंद विलंब असेल तर तुम्ही थांबलात हे पलीकडे अर्ध्या सेकंदानं कळतं आणि त्यांचं उत्तर तुमच्यापर्यंत यायला आणखी अर्धा. त्या एका सेकंदात तुम्हाला वाटतं, ‘हे गप्प का?’ आणि तुम्ही पुन्हा सुरू होता. जुन्या बिनतारी संचावर लोक ‘ओव्हर’ म्हणत तसं करा: बोलणं संपलं की ‘बोल’ म्हणा. दोन दिवस हसू येतं, मग अंगवळणी पडतं.

चित्र अडकायला लागलं की आधी चित्र बंद करा, फोन नका कापू. हिशेब बघा: नुसत्या आवाजाला सेकंदाला तीसेक किलोबिट पुरतात, म्हणजे दोन्ही दिशा धरून तासाला साधारण २७ मेगाबाइट. मध्यम चित्राला प्रत्येक दिशेला ५०० किलोबिट धरले तर तासाला ४५० मेगाबाइट. जवळपास सतरापट फरक. खोलीतले चौघं एकाच वायफायवर संध्याकाळी व्हिडिओ बघत असतील तर अडतं ते बहुतेक तुमचं चढणारं चित्र, कारण अनेक जोडण्यांत पाठवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगाच्या मानानं फार कमी दिलेला असतो. म्हणून ‘मला तुम्ही दिसताय, तुम्हाला मी दिसत नाही’ असं होतं. तुमचा पहाटे ४:२५ चा मुहूर्त या दृष्टीनंही उत्तम. तेव्हा जाळं मोकळं असतं.

राउटर एकाच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा, भिंतीआड असेल तर २.४ चं. पहिल्याला वेग जास्त पण भिंतीत मरतो, दुसरा पोचतो पण गर्दीचा.

घुमण्याबद्दल सगळ्यांचा उलटा समज असतो. तुम्हाला तुमचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष पलीकडच्या फोनचा: त्यांच्या स्पीकरमधला तुमचा आवाज त्यांच्याच माईकमध्ये शिरतोय. इअरफोन त्यांनी लावायचे, तुम्ही नाही.

काही देशांत इंटरनेटवरून बोलायला फक्त परवानाधारक ॲप चालतात. तिथे व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या देशातून असल्यासारखी दाखवणारी सोय) लावून पळवाट काढायच्या आधी कायदा बघा. काही ठिकाणी दंड मोठा आहे, आणि नोकरी गेली तर फोन रोजच घरातून करता येईल.

दूरचा_दिवा

रातपाळीचा आठवडा सोन्याचा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी तो आठवडा फोनसाठी बाद धरत होतो. पैशांचं आणि अडीअडचणीचं कुणी सांगेल का? घरून ‘सगळं ठीक’ म्हणतात आणि आजारपण महिन्यानं कळतं.

जमाखर्च

पैशांचा फोन वेगळा. महिन्यातून एकदा, पगारानंतरच्या सुट्टीच्या दिवशी, अर्धा तास, समोर वही. मधल्या काळात खर्च निघाला तर बोलायचं नाही, लिहायचं: कशासाठी, किती, कधीपर्यंत. तीन गोष्टी लिहिल्या की उत्तरही एका ओळीत देता येतं, आणि लिहिताना अर्धी घाई आपोआप उतरते. मुलाच्या फोनमध्ये पैशांचा शब्द आला की ‘त्या फोनला बोलू’.

पाठवण्याचा खर्च दोन ठिकाणी लपतो, शुल्कात आणि दरात. जाहिरात शुल्काची होते. समजा बाजारातला मधला दर एकाला २० आहे आणि तुम्ही १००० पाठवताय. पहिला ५ शुल्क घेतो आणि १९.५० दर देतो: ९९५ गुणिले १९.५० म्हणजे १९,४०२.५०. दुसरा ‘शुल्क शून्य’ म्हणतो आणि १९.२० देतो: १९,२००. फुकटवाला दोनशेनं महाग पडला. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: ‘इतके दिले तर तिकडे खात्यात नेमके किती जमा होतील?’ संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत हा एकूण खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांखाली आणायचं ठरलंय. वरच्या उदाहरणात पहिल्याचा खर्च त्या रेषेवर येतो, दुसऱ्याचा ४ टक्के. शुल्क ठरावीक रकमेचं असेल तर महिन्यातून चारदा पाठवणं म्हणजे चारदा शुल्क.

बँकेतून स्विफ्टनं (देशोदेशीच्या बँकांना जोडणाऱ्या जाळ्यातून) पाठवताना अर्जावर खर्च कोण सोसणार ते विचारतात. वाटून घेण्याचा पर्याय असेल तर मधली बँक वाटेत कापून घेऊ शकते आणि घरी रक्कम कमी पोचते. मग ‘इतके पाठवले म्हणालास, इतकेच आले’ हा वाद. पावतीचा फोटो त्याच दिवशी घरी पाठवा, त्यावर संदर्भ क्रमांक असतो. पैसे अडकले तर शोध त्यावरूनच लागतो. अडकतात बहुतेक नावामुळे: पासपोर्टवर एक स्पेलिंग, खात्यावर दुसरं.

घरखर्चाचे तीन महिन्यांचे पैसे बायको एकटीच्या सहीनं काढू शकेल अशा खात्यात राहू द्या. आणि तुमच्या परतीच्या तिकिटाचे पैसे तुमच्याकडे, कुणालाही उसने न देता. खोलीतल्या जिवलगालाही नाही.

कागदवाली

‘सगळं ठीक’चा उपाय म्हणजे बातम्यांच्या तीन पायऱ्या आधी ठरवणं. पहिली, पाळी चालू असली तरी लगेच कळवायची: कुणाला दवाखान्यात दाखल केलं, अपघात, मृत्यू. दुसरी, त्याच दिवशी पाळी सुटल्यावर: तपासणीत काही निघालं, शस्त्रक्रियेची तारीख पडली. तिसरी, आठवड्याच्या लांब फोनमध्ये: ताप, घरातली दुरुस्ती, भांडणं. कुठली गोष्ट कुठल्या पायरीवर हे नावानिशी लिहा, नाहीतर घरचे सगळंच तिसऱ्या पायरीवर ढकलतात. लपवण्यात काळजी घेण्याचा हेतू असतो, पण एकदा लपवलेलं उघड झालं की पुढचं प्रत्येक ‘ठीक’ खोटं वाटतं आणि माणूस आवाजावरून अंदाज बांधत बसतो.

पहिल्या पायरीसाठी फोन तुमच्या खिशात नसेल हे धरून चाला. पाळीच्या ठिकाणच्या पर्यवेक्षकाचा, कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा आणि खोलीतल्या एका सोबत्याचा नंबर घरी भिंतीवर हवा. निरोप द्यायची पद्धतही ठरवा: आधी माणूस आत्ता कसा आहे, मग काय झालं, मग तुम्ही काय करायचं. ‘घाबरू नकोस, पण...’ अशी सुरुवात करायची नाही.

घरी एका पाकिटात तुमच्या पासपोर्टची, निवास परवान्याची, कराराची आणि विमा पॉलिसीची प्रत, तिकडचा पत्ता तिथल्या लिपीत, आणि दूतावासाचा क्रमांक. तुमच्याकडे घरच्यांचे रक्तगट, चालू औषधांची नावं मात्रेसह, डॉक्टर आणि किल्ली असलेला शेजारी. मूळ पासपोर्ट मालकानं ठेवून घेतला असेल तर ती साधी पद्धत समजू नका. ओळखपत्रं अडकवून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सक्तीच्या मजुरीच्या लक्षणांच्या यादीत आहे. तातडीनं निघायचं झालं तर लागणारी रजामंजुरी किंवा परत येण्याचा परवाना किती दिवसांत मिळतो, हे आजच विचारून ठेवा. आणि पासपोर्टची मुदत: अनेक देश आत घेताना सहा महिने शिल्लक मागतात.

मुखत्यारपत्र आधीच करून ठेवा. घर, बँक, शाळा यांपैकी नेमकं कशासाठी ते लिहिलेलं, मुदतीचं. सरसकट सगळे अधिकार देणारं नको. सही दूतावासात करायची किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला, घ्यायचं. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर तो शिक्का पुरतो.

अजून एक, आणि हे आईवडिलांना समजावून सांगाच. ‘तुमच्या मुलाला अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा’ हा फोन परदेशात माणूस असलेल्या घरांना हमखास येतो, आणि आता आवाजाची नक्कलही करता येते. घरात एक परवलीचा शब्द ठेवा, कुठेही न लिहिलेला. शब्द नाही तर पैसे नाहीत, आवाज कितीही रडवेला असो.

पिवळा_कंदील

सगळ्यांनी फोनचं सांगितलं, सुट्टीच्या दिवसाचं राहिलं. घरची आठवण पाळीत येत नाही, सुट्टीच्या दुपारी येते, कारण तेव्हा दिवसाला आकार नसतो. लोक मग तीन-तीन तास फोन चालू ठेवतात. पलीकडे कामं अडतात, बोलायचं संपतं आणि फोन ठेवल्यावर खोली आणखी रिकामी वाटते. सुट्टीचा फोन सकाळीच उरका, पाऊण तासात, आणि फोननंतर लगेच बाहेर पडायचं काम लावून ठेवा: कपडे, बाजार, चालणं, कुणाशी तरी ठरलेली भेट. कुटुंबाच्या ग्रुपवरचे फोटो अंथरुणात बघायचे नाहीत, उठल्यावर बघा.

१६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला प्रबंध लिहून या दुखण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिलं, आणि तो ते खराखुरा आजार मानत होता. आज घराच्या ओढीला कुणी आजार म्हणत नाही, पण सलग दोन आठवडे जवळजवळ रोज उदास, झोप आणि भूक बिघडलेली, कशातच मन लागत नाही असं झालं तर डॉक्टर गाठा. जगण्यात अर्थ नाही असे विचार आले तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी. दारूनं झोप लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, म्हणून ‘झोपेपुरती’ हा हिशेब चुकतो.

दूरचा_दिवा

पट्ट्या काढल्या. एक अडचण निघाली: पाळी बदलते तो दिवस. शनिवारी दिवसपाळी संपते संध्याकाळी ६ ला, रविवारी सुट्टी, सोमवारी संध्याकाळी ६ ला रातपाळी. रविवारचा फोन कुठे बसवू?

घड्याळजी

रविवारी सकाळी ८ ला, घरी दुपारचे १२. मुलगा जेवून झोपायच्या आत. त्या रात्री मुद्दाम उशिरापर्यंत, १ वाजेपर्यंत जागा, सोमवारी ९ पर्यंत झोपा. शरीर रातपाळीकडे वळायला लागतं. सोमवारी दुपारी दोनेक तास पुन्हा आडवे व्हा आणि साडेतीनला उठून फोन करा, म्हणजे नव्या आठवड्याची वेळ पहिल्याच दिवशी लागू झाली. उलट बदलात, रातपाळी रविवारी सकाळी ६ ला संपून सोमवारी सकाळी ६ ला दिवसपाळी असेल तर मधे पूर्ण सुट्टी उरतच नाही. ८ ते १२ एवढंच झोपा, फोन दुपारी १ ला, घरी ५, आणि रात्री ८ ला दिवे बंद. हे वेळापत्रक दोन आठवड्यांचं एकाच पानावर लिहून त्याचा फोटो घरी पाठवा. बायकोला म्हणावं, त्यात मुलाच्या झोपेच्या खऱ्या वेळा भरून परत पाठव. तुम्ही धरलेल्या वेळा घर सोडलं तेव्हाच्या असतील.